आईचा फॉर्म मी भरला

कोणताही फॉर्म मी पाच मिनिटांत भरते आणि मी भरलेला फॉर्म कधी परत येत नाही. शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं काढल्यावर एवढं यायलाच हवं. दाखले, शिष्यवृत्त्या, शिक्षकांच्या निवृत्तीचे कागद, सगळं माझ्या हाताखालून जातं. आईचा फॉर्मही मी पाच मिनिटांतच भरला होता. एकही रकाना रिकामा नव्हता, एकही खाडाखोड नव्हती. तोही परत आला नसता आणि तीच भानगड झाली असती.

बाबा गेले तेव्हा आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. भांडुपच्या खोलीत तिला एकटीला ठेवायचं नाही, हे मी तेराव्याच्या आधीच ठरवलं आणि तिला मुलुंडला माझ्याकडे आणलं. त्या महिन्यात मी एक वही घातली. वहीचं नाव ‘आई’. पहिल्या पानावर तिच्या गोळ्या, दुसऱ्यावर डॉक्टर, तिसऱ्यावर आहार, चौथ्यावर ‘काय करू द्यायचं नाही’. चौथं पान सगळ्यात आधी भरलं. एकदा दूध उतू गेलं तेव्हा तिचं गॅसजवळ जाणं बंद केलं. पावसात सोसायटीच्या आवारात पाय घसरला, पडली नाही, नुसता घसरला, तेव्हा एकटीनं खाली जाणं बंद केलं. बाथरूममध्ये स्टूल ठेवलं आणि आंघोळ माझ्यासमोर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, असं ठरवलं. गोळ्यांसाठी सात दिवसांचा खणांचा डबा आणला. तो दर रविवारी मी भरायचे.

आईने कशालाच विरोध केला नाही. जिने गिरणगावात खानावळ चालवून बारा गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घातलं, ती बाई माझ्या स्टुलावर मुकाट बसायची. मला वाटायचं, वय झालं. तक्रार फक्त माशांची असे. मासे मी फोनवरून मागवायचे, साफ करून, डब्यात बंद होऊन यायचे. आई डबा उघडायची, बांगड्याच्या डोळ्यात बघायची आणि म्हणायची, “ह्यो कधी मेलो ता त्येका सुद्धा आठवूचा नाय.”

मग मागच्या वर्षी ती जिना चढताना थांबायला लागली. रक्त कमी निघालं, मग कशामुळे कमी ते शोधलं, मग दुर्बीण घालून बघितलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. तुकडा तपासला. कॅन्सर.

भावाचा अंधेरीहून फोन आला. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि निर्णयांच्या बाबतीत कायमचा चार वर्षांनी लहान. “ताई, आईला सांगायचं नाही हां. खचेल ती. आपण सूज म्हणू.” मला पटलं. घरात तो शब्द उच्चारायचा नाही असं ठरलं. नवऱ्याला सांगितलं, कामवाल्या बाईंना सांगितलं, वहीत चौकट करून लिहिलं. नंतर सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून जाड फाईल केली आणि टीपॉयवर ठेवली.

हॉस्पिटलला जायच्या दिवशी मी आधीच फोन करून व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मोठी इमारत, लांब कॉरिडॉर, आईचं रक्त कमी. आई चाकांच्या खुर्चीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली, पण बसली. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या आतबाहेर होत्या, बोलायला सरळ. मी त्यांना ‘सूज’ची कल्पना आधीच दिली होती. ती त्यांना फारशी आवडलेली दिसली नाही.

“पसरलेलं नाहीये,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशन केलं तर सगळं निघण्याची चांगली शक्यता आहे. प्रश्न एवढाच, की त्यांना ते झेपेल का. मी वयाचा आकडा बघत नाही. सत्तरीत खचलेली माणसं असतात आणि पंच्याऐंशीला टणटणीत असतात. आजी रोजच्या जगण्यात किती करतात, त्यावरून आम्हाला अंदाज येतो. सिस्टर एक फॉर्म देतील, तो भरा.”

पिवळा कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. छपाई मराठीत आणि स्वच्छ होती हे मी पहिल्यांदा टिपलं. पेन माझ्याकडे होतंच.

आंघोळ: स्वतः की मदतीने? मदतीने. स्वयंपाक करतात का? नाही. बाजारहाट? नाही. घराबाहेर एकट्या जातात का? नाही. औषधं स्वतःची स्वतः घेतात का? नाही. फोन स्वतः लावतात का? नाही, मी लावून देते. हे शेवटचं मी समासात बारीक अक्षरात जोडलं. उत्तर पूर्ण असावं.

“काय लिवतंस?” आईने विचारलं.

“तुझं काही नाही. हॉस्पिटलचं आहे.”

डॉक्टरांनी फॉर्म वाचला, व्हीलचेअरकडे बघितलं. “आजी, तुम्हाला कसं वाटतं? घरी काही कामं करता का?”

“नाही हो, थकलीय ती आता,” मी म्हणाले.

आईने पदर सारखा केला. डॉक्टर जरा वेळ तिच्याकडे बघत थांबल्या, मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “ह्यावरून मोठं ऑपरेशन झेपणार नाही असं दिसतंय. पार पडेलही, पण नंतर त्या उठून पुन्हा उभ्या राहतील ह्याची मी खात्री देऊ शकत नाही. लोह देऊ, त्रास होईल तसे उपाय करू, पण गाठ तशीच राहील. शुक्रवारी आमची सगळ्यांची बैठक असते. तिथे मांडते आणि मग पक्कं सांगते.”

तो सोमवार होता. भावाला कळवलं तर त्याच्या आवाजातला सुटकेचा निःश्वास मला मुलुंडपर्यंत ऐकू आला. “मी म्हणतच होतो. ह्या वयात कापाकापी कशाला? आरामात राहू दे तिला.” मीही त्याच कामाला लागले. वहीत नवीन पान उघडलं: ‘घरी ठेवताना’. बेडपॅन, रबरी चादर, पाठीला टेकू, रात्रीची बाई. मला रडू आलं नाही. पान दोन्ही बाजूंनी भरलं आणि बरं वाटलं.

बुधवारी चाचणी परीक्षेचा शेवटचा पेपर होता, शाळा लवकर सुटली. स्टेशनजवळच्या दुकानातून यादीतली पहिली वस्तू घेतली आणि साडेबाराला घरी पोचले. दाराला कुलूप.

आई एकटी बाहेर जात नाही. मी तसं लिहून दिलं होतं. पर्समध्ये चावी शोधत होते तेवढ्यात समोरच्या दारामागून कुकरची शिट्टी झाली आणि तिच्या मागोमाग आईचा आवाज आला. असा आवाज मी चार वर्षांत ऐकला नव्हता. “मीठ कमी खा म्हणान डॉक्टरान सांगितल्यान ना तुका? मगे? लोणच्याची बरणी खाली ठेव आधी!”

समोर एक निवृत्त शिक्षिका राहतात. एकट्याच, मुलगी परदेशात, गुडघे दोन्ही गेलेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं. बाई खुर्चीत, पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. माझी आई जमिनीवर विळीवर बसून नारळ खवत होती. गॅसवर एकीकडे कुकर, दुसरीकडे तव्यावर बांगडे. खिडकीत पालेभाजीची ओली पिशवी.

“अगो, आज लवकर?” आई म्हणाली आणि उठली. एका हातात खोबऱ्याचं ताट, दुसऱ्यात करवंटी, म्हणजे टेकायला हात उरलाच नव्हता. नुसती उठली. धाप लागली, ओट्याला टेकून दोन श्वास घेतले आणि बांगडे उलटले.

“मासे कुठून आणलेस?”

“बाजारातसून. अजून खंयसून?”

“कोणी नेलं तुला?”

“रिक्षान.”

बाई चाचरत म्हणाल्या, “अगं, काकींनाच विचार. गेली तीन वर्षं माझं सगळं त्याच बघतात. तू साडेसातला गेलीस की येतात. मला वाटलं, तुला माहीत आहे.”

टेबलावर सात दिवसांच्या खणांचा एक डबा होता. माझ्याकडे आहे तसाच, झाकण तेवढं निळं. “तो मीच मागवून घेतलंय हिच्यासाठी,” आई म्हणाली. “तुझो बघून. दर सोमवारी भरतंय. आणि बरा झाला इषय निघालो ता. मागच्या रविवारी तू माझ्या डब्यात बीपीची गोळी एकाच खणात दोन घातलंस. मी काढून ठेवलंय.”

मी खुर्ची ओढून बसले. आईचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. “काय हाडलंस?”

“काही नाही.”

तोवर तिने पिशवीचं तोंड उघडून बेडपॅन बाहेर काढलं होतं. उलटं सुलटं करून बघितलं. “ह्या कोणाक?”

शेवटी बाईंनीच जबाबदारी घेतली. “काकी, माझ्यासाठी असेल. गुडघ्यांचं बघून.” आणि त्या इतक्या हसल्या, की पाय स्टुलावरून खाली आला.

जेवण तिथेच झालं. चार वर्षांनी आईच्या हातचं बांगड्याचं तिकलं खाल्लं. घरी आल्यावर मी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगतलं असतंय? तू बंद केलं असतंस.” हे खरंच होतं. मग म्हणाली, “बाबा गेल्यार तू नुसती भिंतीकडे बघत बसायचंस. मगे ती वही घातलंस आणि ताळ्यार इलंस. मी म्हटलंय, बरा वाटता हेका, तर करूंदे. आंघोळीक बस म्हटलंस, बसलंय. माझा काय जाता?”

म्हणजे चार वर्षं मी आईला सांभाळत होते आणि ती मला. फरक इतकाच, की तिने त्याची वही केली नव्हती.

“आणि हॉस्पिटलात? डॉक्टरांनी तुला विचारलं तेव्हा बोलायचं होतंस.”

“तू बोलत होतंस ना. मी मधी कित्याक बोलू? माका वाटला तू ठरवलंस. कॅन्सर तुका झालेलो आसा असाच बोलत होतंस.”

तो शब्द तिच्या तोंडून ऐकून मी दचकले. “तुला कोणी सांगितलं?”

तिने टीपॉयकडे बोट केलं. फाईलवर जाड काळ्या स्केचपेनने, शाळेत सगळ्या फायलींवर असतं तसं सुवाच्य अक्षरात मीच लिहिलं होतं: ‘आई – कॅन्सर – रिपोर्ट’. खाली अनुक्रमणिका. “सातवी पास आसंय मी,” आई म्हणाली. “आणि तुझा अक्षर बरा आसा.”

“तुला ऑपरेशन हवंय का?” हे मी तिला पहिल्यांदा विचारत होते. गाठ सापडून वीस दिवस झाले होते.

“आधी कोणीतरी नीट सांगा तरी, काय कापतले आणि मगे मी उभी रवतलंय काय. मगे सांगतंय.”

गुरुवारी सकाळी हॉस्पिटलला फोन केला. सिस्टरना म्हणाले, “आमचा फॉर्म चुकलाय.” आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होते, इतकी वर्षं काउंटरच्या दुसऱ्या बाजूने ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, आजींना आजच घेऊन या, शुक्रवारच्या बैठकीच्या आत होईल. मग भावाला फोन केला. तो चिडला. “ताई, परत कशाला उकरून काढतेस? डॉक्टरच नाही म्हणाल्यात ना? उगाच तिला यातना...” आईने माझ्या हातातून फोन घेतला. “गाठ माझ्या पोटात आसा की तुझ्या? मगे गप रव.” आणि स्वतःच फोन बंद केला. कुठलं बटण ते तिला बरोबर माहीत होतं.

व्हीलचेअर नको म्हणाली. कॉरिडॉरमध्ये तीनदा बाकांवर बसली, पण चालत गेली. सिस्टरनी नवा पिवळा कागद काढला, मी पेन काढलं. “तुम्ही बाहेर बसा,” त्या मला म्हणाल्या. दाराला काचेची उभी पट्टी होती. तिच्यातून मला आईची अर्धी पाठ आणि सिस्टरचं घड्याळ दिसत होतं. आई खुर्चीतून उठली, जमिनीवरच्या पट्टीपर्यंत गेली, वळली, परत येऊन बसली. पुन्हा एकदा. मग कागदावर काहीतरी काढत होती. नंतर कळलं, घड्याळ. काटे बरोबर काढले, लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एक विसरली. मी बाहेर नखं खात होते. शाळेत मुलांना आत सोडून बाहेर थांबलेल्या पालकांना मी कायम सांगत आले, की काळजी करू नका, बसून घ्या.

सगळे गुण मिळाले नाहीत. वजन उतरलं होतं, चालण्याला जरा जास्त वेळ लागला. पण डॉक्टरांनी दोन्ही पिवळे कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, “ह्या दोन वेगळ्या बायका आहेत का?”

“नाही. पहिला मी भरला होता.”

त्या हसल्या नाहीत. “माझीही चूक आहे. मी तुम्हाला तेव्हाच बाहेर बसवायला हवं होतं.” मग त्या आईकडे वळल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं: आतड्याचा किती भाग काढायचा, काय बिघडू शकतं, ऑपरेशन केलं नाही तर काय होईल, केलं तरी ह्या वयात पूर्वीसारखं व्हायला किती महिने जातील आणि कदाचित पूर्वीसारखं होणारही नाही. शेवटी विचारलं, “तुम्हाला काय महत्त्वाचं वाटतं?”

आई बाहेरच्यांशी पुस्तकी मराठी बोलते. “मला अंथरुणाला खिळून जगायचं नाही. आणि उगाच मरायचंही नाही. ह्याच्या मधलं काही असेल तर करा.”

शुक्रवारच्या बैठकीत ऑपरेशन करायचं ठरलं, पण तीन आठवडे तयारी करून. लोहाच्या सलाईन, दोन वेळा चालणं, अंडी-मासे, आणि तीन रंगीत गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र. ते तोंडात धरून श्वास ओढायचा, की गोळ्या वर जातात. मी तक्ता करायला घेतला. आईने तो काढून घेऊन समोरच्या बाईंकडे लावला, कारण सकाळची तिची वेळ तिथे असते. बाईही हौसेने ओढायला लागल्या. त्यांची दुसरी गोळी कधीच वर गेली नाही.

ऑपरेशन नीट झालं. पहिले दोन दिवस आईला कुठे आहोत ते कळत नव्हतं. सर्जन तपासायला आले तर त्यांना खानावळीतला कामगार समजून म्हणाली, “पाळी कुठली तुझी? जेवलंस काय?” सर्जन म्हणाले, पहिली पाळी. “मगे बस, भात काढतंय.” डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं, की ह्या वयात असं होतं आणि बहुधा जातं. गेलं. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, बाईंचो डबो कोणी भरलो?

मी भरला होता. बाईंनी तो दोनदा तपासून घेतला होता.

घरी आल्यावर मी पूर्ण सुधारलेली होते. बाथरूममधलं स्टूल काढून टाकलं. पहिल्या दिवशी आई आंघोळीला गेली, मी दाराबाहेर हात मागे बांधून उभी. तिचं तिला करू द्यायचं, मध्ये पडायचं नाही, असं वहीत नवीन लिहिलं होतं. आत तांब्या पडला. मी हलले नाही. मग आतून ओरडणं आलं. “अगो ये आत! नको तेव्हा समोर बसायचंस, आता व्हयी तर भायर उभी रवतंस? स्टूल खंय गेला?”

स्टूल परत आलं. दीड महिना रोज मी तिची पाठ चोळली. सहा वाजून दहा मिनिटांनी नव्हे, तिला वाटेल तेव्हा.

पुढे गोळ्यांची केमो सुचवली, कमी ताकदीची. फायदा असेल, पण थोडा, आणि तो तुमच्याच वाट्याला येईल असं नाही, असं डॉक्टर तिलाच म्हणाल्या. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. दोन फेऱ्या घेतल्या. तळपाय सोलवटले, तिखट-मीठ कळेना. तिसऱ्या फेरीच्या आधी आईने सांगितलं, बस. भाऊ आता उलटं म्हणाला, “ताई, अर्ध्यात कसं सोडायचं? तिला समजाव.” मी म्हटलं, तूच फोन कर, आई स्वतः उचलते. त्याने केला नाही.

आता वर्ष होऊन गेलं. एकटी बाजारात जात नाही, बाईंचा जावई एक काठी देऊन गेलाय ती घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत जाते आणि कोळीण तिथे येते. जिना चढताना थांबते. विळीवर बसत नाही, ओट्याशी उभी राहून खवते. मागच्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये काही दिसलं नाही. पुढचा सहा महिन्यांनी. बरी झाली का, असं लोक विचारतात तेव्हा मला त्याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. रकाना छोटा पडतो.

स्कॅनच्या दिवशी सिस्टरनी पुन्हा पिवळा कागद दिला, आईच्या हातात. मी पेन तेवढं दिलं. तिने चष्मा चढवला आणि एकेक प्रश्न ओठांत वाचत भरायला लागली. स्वयंपाक, हो. औषधं, हो. फोन, हो. पंचवीस मिनिटं झाली. मी दुसरीकडे बघत होते, पण आंघोळीच्या ओळीशी नजर गेलीच. ‘मदतीने’वर खूण.

“आई, ते चुकलं. तू स्वतः करतेस आता. दहा महिने झाले.”

“म्हायत आसा माका.”

“मग? गुण जाईल एक.”

“जांवदे,” ती म्हणाली. “पाठ तू बरी चोळतंस.”

खोडायला मी पेन मागितलं. तिने टोपण लावून ते स्वतःच्या पिशवीत टाकलं.